हवा काढली तरी पेडल पुन्हा खाली: जुन्या गाडीच्या ब्रेकचा दोष कसा शोधायचा

ब्रेकच्या पाईपांतली हवा काढली की चार दिवस ब्रेक छान लागतो, मग पेडल पुन्हा खाली जायला लागतं. जुन्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार आहे, आणि उपायही बहुतेक वेळा तोच होतो: पुन्हा हवा काढायची, नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पाईपांत ढकलणारा पंप) बदलून टाकायचा. ही कामं करावी लागतातही, पण शेवटी. बंद सिस्टीममध्ये हवा आपोआप येत नाही. ती शिरली असेल तर कुठून तरी शिरली आहे, आणि ती वाट बंद होईपर्यंत पेडल खाली जातच राहणार. शिवाय ‘हवा आहे’ असं निदान झालेल्या कितीतरी गाड्यांत हवा नसतेच, शू (ब्रेक लावताना आतून टेकणारी कमान) आणि ड्रम (चाकासोबत फिरणारं भांडं) यांमधलं अंतर वाढलेलं असतं.

हे सगळं चारही चाकांना ड्रम किंवा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या साध्या गाड्यांसाठी आहे. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट, म्हणजे ऑइलची बंद वाट, एकच असतं. अमेरिकेत १९६८ पासून दोन स्वतंत्र सर्किटं सक्तीची झाली, त्याआधीच्या गाडीत ती असतीलच असं नाही. एका सर्किटच्या गाडीत एका चाकाचा पाईप फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून पेडल एकदा जरी तळाला टेकलं, तरी कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. ‘पंप केलं की लागतो’ याला ब्रेक म्हणत नाहीत.

लक्षणं

गाडी सपाट जागेवर उभी, इंजिन बंद. पेडल दाबा आणि नीट लक्ष द्या.

- पहिल्या दाबाला पेडल खाली जातं, लगेच दोन-तीनदा दाबलं की वर येतं, आणि वर आल्यावर पायाला कडक लागतं. हे शू-ड्रमच्या अंतराचं लक्षण आहे. पुढे डिस्क असेल तर व्हील बेअरिंगचा खेळही तपासा: चाक डुगडुगलं की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढचा पहिला दाब ते अंतर भरण्यातच जातो.
- पेडल वर येतं, पण पायाखाली लिबलिबीत लागतं. हवा, फुगणारे रबरी होज, किंवा ड्रमच्या गोलाईशी न जुळणारे नवे शू.
- एकसारखा दाब धरून ठेवला तर पेडल हळूहळू खाली सरकतं. एकतर ऑइल बाहेर गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरचा कप (पिस्टनवरचा रबरी सील) ते आतल्या आत मागे सोडतोय.
- पेडल उंच आणि कडक, पण गाडी थांबत नाही. सर्वो (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) काम करत नाही, किंवा लायनिंगवर (शूच्या घासणाऱ्या अस्तरावर) ऑइल-ग्रीस आलंय, किंवा ते चकाकून गुळगुळीत झालंय.
- लांब उतारावर पेडल मऊ पडतं, गाडी थंड झाली की पूर्ववत होतं. ब्रेक ऑइलमध्ये पाणी आहे. पेडल मऊ न पडता फक्त ब्रेकची पकड गेली, तर लायनिंग तापलंय.
- गाडी एका बाजूला ओढते.
- पेडल सोडूनही चाक मोकळं होत नाही आणि चालवता चालवता पेडल वर वर येत जातं.

शेवटचं लक्षण लोक दुर्लक्षित करतात, कारण उंच पेडल चांगलं वाटतं. पण चिकटलेला ब्रेक तापतो, ऑइल उकळतं, आणि तेच पेडल अचानक तळाला जातं.

पहिलं काम: ब्रेक ऑइलची टाकी उघडून बघणं

झाकण उघडण्याआधी भोवतीची माती पुसा. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण वाळूचा एक कण कपवर कायमची रेघ ओढू शकतो.

पातळी बघा. ड्रमच्या गाडीत लायनिंग झिजल्यामुळे पातळी फारशी उतरत नाही. पुन्हा पुन्हा ऑइल भरावं लागत असेल तर गळती आहे, मग ती दिसो वा न दिसो. रंग बघा: काळपट किंवा गढूळ झालेलं ऑइल आयुष्य संपवून बसलंय. झाकणाचं बारीक हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघा.

साधं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. उतारावर ड्रम तापला की व्हील सिलिंडरमधलं (चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरमधलं) पाणी आधी वाफ होतं, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, गाडी चालली असो वा नसो. उभ्या गाडीत तर या पाण्याने सिलिंडरला आतून गंज धरतो.

डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळायचं नाही. आणि टाकीत चुकून इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल गेलं असेल तर काम तिथेच थांबवा. झाकणाचं रबर फुगून लोळागोळा झालेलं दिसलं की समजा. अशा वेळी नुसतं धुऊन भागत नाही: सगळे कप, सील आणि होज बदलावे लागतात. उलट, हिरव्या खनिज तेलावर चालणाऱ्या सिट्रोएन डीएससारख्या गाडीत डॉटचं ऑइल घातलं तर तिचे सील जातात. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला.

पेडलचा मोकळा खेळ

खर्च शून्य आणि बरेचदा सगळं इथेच सापडतं. पेडल हाताने दाबा. पुश रॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणारी दांडी) पिस्टनला टेकेपर्यंत थोडा मोकळा खेळ असायलाच हवा: रॉडपाशी साधारण १ ते १.५ मिमी, म्हणजे पेडलपाशी ५ ते ८ मिमीच्या आसपास. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात वेगळा असेल तर तो धरा.

खेळ नसेल तर काय होतं? मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडल्यावर कप त्या भोकाच्या मागे जायला हवा, म्हणजे तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. कप भोकावरच बसून राहिला तर दाब अडकतो, ब्रेक चिकटतात.

तपासायची रीत अशी. झाकण काढा, चष्मा घाला, चेहरा लांब ठेवा. दुसऱ्याला पेडल अगदी हळू, दोन बोटं दाबायला सांगा. दाबायला सुरुवात होताच टाकीतल्या ऑइलवर छोटा उमाळा किंवा बारीक कारंजं दिसलं पाहिजे. दिसलं तर भोक मोकळं आहे. नाही दिसलं तर आधी रॉडचा खेळ वाढवून बघा, तरीही नाही तर भोक कचऱ्याने बुजलंय आणि सिलिंडर खोलावा लागेल. भोकात तार खुपसू नका. कड खरवडली गेली तर कप दर वेळी तिथेच कापला जाईल.

याच वेळी पायाखालची मॅट, पेडलचा परतीचा स्प्रिंग आणि पिव्होटचं बुश बघून घ्या.

गळती शोधणं

केबिनमधून सुरुवात करा. पेडलच्या वर किंवा पुश रॉडच्या रबरी बुटापाशी ओल असेल तर मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेला. सर्वो असलेल्या गाडीत ही ओल बाहेर दिसतच नाही, ऑइल सर्वोत जातं आणि इंजिन ते व्हॅक्यूमने ओढून घेतं. बाहेर एक थेंब नाही, पातळी मात्र उतरते आणि धूर पांढरा येतो, ही त्याची खूण. मास्टर सिलिंडर सर्वोपासून सुटा करून मागे बोट फिरवलं की कळतं.

नंतर ब्रेक लाइटचा स्विच. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो पाईपलाच बसवलेला, दाबावर चालणारा असतो. म्हातारा झाला की टर्मिनलमधून ऑइल सोडतो, आणि ते वायरीच्या आवरणात मुरत असल्यामुळे जमिनीवर थेंब पडत नाही. मग सगळे पाईप, जोड, टायरची आतली बाजू आणि बॅकप्लेटची (ड्रममागच्या पत्र्याच्या थाळीची) खालची कड.

मागच्या चाकापाशी ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची की ॲक्सलच्या गिअर ऑइलची, हे आधी ठरवा. एका भांड्यात पाणी घ्या आणि त्यात तो थेंब सोडा. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून दिसेनासं होतं, गिअर ऑइल वर तरंगतं आणि इंद्रधनुषी पातळ थर पसरतो. विरघळलं तर व्हील सिलिंडर, तरंगलं तर ॲक्सलचा ऑइल सील.

रंगावर सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.

शूचं ॲडजस्टमेंट, हवा काढण्याच्या आधी

याला वेळ द्या. चारही चाकांचे मिळून किमान आठ शू असतात. समजा मास्टर आणि व्हील सिलिंडर एकाच मापाचे आहेत आणि प्रत्येक पिस्टनला फक्त अर्धा मिमी जास्त सरकावं लागतंय. आठ गुणिले अर्धा, म्हणजे मास्टरचा पिस्टन ४ मिमी जास्त जातो. पेडलचं गुणोत्तर ५ धरलं तर पायाखालचं पेडल २० मिमी खाली गेलं. हवेचा एक बुडबुडाही नसताना. अशा गाडीची कितीही वेळा हवा काढा, फरक पडणार नाही.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचा भाग जॅकने उचलून घोडीवर (पक्क्या स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हँडब्रेक पूर्ण सोडा आणि त्याची केबल सैल करा. ही पायरी चुकली तर केबलच शू अर्धवट उघडे धरून ठेवते आणि सगळं माप खोटं निघतं.

ॲडजस्टरला (शू ड्रमच्या जवळ-लांब करणाऱ्या स्क्रूला) गंजउतारू तेल मारून थोडा वेळ जाऊ द्या. चौकोनी डोक्याच्या ॲडजस्टरला चौकोनी पानाच वापरा, साध्या पान्याने डोकं गोल होतं. चाक हाताने फिरत नाही इथपर्यंत आवळा. मग पेडल जोरात दाबून सोडा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर येतात, आणि पुन्हा थोडं आवळायला जागा मिळते. मिळाली तर आवळा. आता चाक मोकळं फिरेपर्यंत एक-एक टिचकी सोडत या. किंचित घासल्याचा आवाज चालेल, अडकणं चालणार नाही. पुढच्या चाकांत दोन ॲडजस्टर असतील तर एक पूर्ण करून मगच दुसरा घ्या. एकच केलेला ॲडजस्टर हे गाडी एका बाजूला ओढण्याचं नेहमीचं कारण आहे. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

पेडल वर आलं आणि कडक लागलं, तर दोष सापडला. ॲडजस्टर शेवटपर्यंत गेला तरी चाक धरत नाही, तर लायनिंग संपलंय किंवा ड्रम मोठा झालाय.

ड्रम काढल्यावर

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. आतली धूळ हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झटकू नका. बारीक धुळीचा मास्क लावा, धूळ भिजवून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरचं डस्ट बूट बोटाने जरा मागे सारा. आत किंचित ओलसर असेल तर ठीक. ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. ऑइल प्यायलेलं लायनिंग धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरू नका. वरून कोरडं दिसतं, तापलं की तेल पुन्हा बाहेर येतं. बदलताना ॲक्सलच्या दोन्ही चाकांचं एकदम बदला.

ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर तो पाळा. नसेल तर मूळ मापापेक्षा १.५ मिमी वाढ ही बऱ्याच गाड्यांची मर्यादा असते. नवे शू मोठ्या झालेल्या ड्रममध्ये फक्त मध्यावर टेकतात, दाबल्यावर वाकतात, आणि पेडल हवेसारखंच लिबलिबीत लागतं. शूवर खडूने रेघा मारा, ड्रम घालून फिरवा, काढून बघा. खडू फक्त मधोमध पुसला गेला असेल तर शू ड्रमच्या गोलाईला घासून घ्यावे लागतील.

सिलिंडर खोलला तर तो आतून ब्रेक ऑइल किंवा स्पिरिटनेच साफ करा. पेट्रोल-रॉकेलने धुतलेला सिलिंडर थोड्याच दिवसांत पुन्हा गळतो, कारण त्या अंशाने कपचं रबर फुगतं. जोडताना साधं ग्रीस नको, ब्रेक रबरचंच ग्रीस किंवा ताजं ब्रेक ऑइल. भिंतीवर नखाला लागेल असा खड्डा असेल तर नुसतं किट बदलून उपयोग नाही: सिलिंडर नवा, किंवा जुन्यात आतून स्लीव्ह (धातूची नळी).

गळती नाही, तरी हवा शिरते

पुन्हा पुन्हा हवा काढायला लावणारा दोष बहुधा हा. ड्रमच्या व्हील सिलिंडरमधल्या कपचे ओठ सिलिंडरच्या भिंतीला टेकून राहावेत म्हणून बऱ्याच मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाईनमध्ये थोडा दाब राखतो, साधारण १० पीएसआय. व्हॉल्व्ह मेला की पेडल झटकन सोडताना कपचे ओठ आत ओढले जातात आणि बाहेरची हवा आत घुसते. ऑइल बाहेर येत नाही, म्हणून गळतीचा माग लागत नाही.

तपासणी सोपी आहे. पेडल दाबून पूर्ण सोडा, काही क्षण थांबा, आणि ड्रमच्या एका चाकाचा निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) सैल करा. पेडलला हात न लावता छोटी चिळकांडी उडाली तर व्हॉल्व्ह जिवंत. ऑइल नुसतं ओघळलं तर व्हॉल्व्ह गेलाय, किंवा कधीतरी डिस्कच्या गाडीचा मास्टर सिलिंडर बसवला गेलाय. मात्र काही व्हील सिलिंडरमध्ये कपमागे पसरट स्प्रिंग असतो, तिथे हा व्हॉल्व्ह मुळातच नसतो. आणि डिस्कच्या लाईनला ड्रमचा व्हॉल्व्ह कधीच लावू नका, पॅड चिकटून राहतील.

होज आणि पाईप

होज वाकवून तडे बघा. कोणी पेडल दाबत असताना होज फुगताना दिसला तर तो बदलाच. आतून सुजलेला होज बाहेरून नवा दिसतो: दाब जातो, परत येत नाही, चाक चिकटतं. चिकटलेल्या चाकाचा निपल उघडला आणि ते लगेच मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. आता त्या होजच्या अलीकडचा जोड सैल करून बघा. त्यानेही मोकळं झालं तर अडथळा मास्टरकडे, नाही झालं तर होजमध्ये.

लोखंडी पाईप क्लिपखाली आणि रबरी बुशच्या आत गंजतात, म्हणजे नेमके जिथे दिसत नाहीत तिथे. नवा पाईप तांबं-निकेल मिश्रधातूचा चांगला, बहुतेक गाड्यांत ४.७५ मिमीचा. आटे जुळवताना सावध राहा: ३/८ इंच २४ आट्यांचा नट आणि एम १० × १ चा नट एकमेकांच्या भोकात सुरुवातीला जातातही, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला सुटतात. ब्रेकच्या पाईपला दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड कधीच वापरू नका.

मास्टर सिलिंडर दोषी आहे का?

पाईप सोडून त्याच्या तोंडाला त्याच आट्यांचं धातूचं बूच घट्ट बसवा, हवा काढून टाका आणि पेडल दाबा. पेडल उंच आणि कडक राहिलं तर सिलिंडर चांगला आहे, दोष पुढे आहे. इथेही हळूहळू खाली गेलं तर कप गेला. सर्वोसाठी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. गेलं नाही तर आधी व्हॅक्यूमचा होज आणि त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह बघा.

आता हवा काढा

सहसा मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक ताज्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा तळाकडचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज असतो. पेडल तळापर्यंत नेलं की कप त्या गंजावर घासून फाटतो आणि हवा काढायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडर मागते. टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नका, बाहेर आलेलं ऑइल पुन्हा भरू नका. डिस्कच्या कॅलिपरचा (पॅड धरून दाबणाऱ्या भागाचा) निपल वरच्या बाजूला आहे ना तेही बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली येतो आणि हवा वर अडकून राहते.

इथे हात थांबवा

निपल किंवा पाईपचा नट तुटला, सिलिंडरच्या भिंतीवर खड्डे दिसले, ड्रमला तडा आहे, पाईपला फ्लेअर करायचं (टोक पसरवायचं) हत्यार नाही, सर्वो आतून गेलाय, किंवा सिस्टीममध्ये खनिज तेल शिरलंय: यांपैकी काहीही असेल तर जुन्या ब्रेकचं काम येणाऱ्या मेकॅनिकला बोलवा. गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका, ट्रकवर चढवून न्या. पेडल एकदा तळाला गेलं आणि सगळं तपासूनही कारण सापडलं नाही, तरी हेच. ‘आता बरं वाटतंय’ हे कारण सापडणं नव्हे.

रस्त्यावर काढण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा आणि दुसऱ्याला सगळे जोड टॉर्चने बघायला सांगा. पेडल तसूभरही सरकू नये. मग मोकळ्या, सपाट जागी चालण्याच्या वेगाने चार-पाचदा थांबा, नंतर थोडा वेग वाढवून. हँडब्रेक एकट्याने गाडी थांबवतो का तेही इथेच बघा. चाचणी संपल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन ऊब घ्या, हात टेकवू नका. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांत मोठा फरक असेल तर जास्त तापलेलं चाक चिकटतंय किंवा थंड चाक काम करत नाहीये. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी पहिल्या दाबाला पेडल कालच्याच उंचीवर आहे का आणि टाकीतली पातळी तीच आहे का ते बघा.